मनीची धूळपाटी

मांजराचा पुढचा उजवा पाय माझ्या चिमटीत होता आणि समोर धूळपाटी होती. मी गुडघ्यांवर बसून त्या पायानं वाळू उकरत होतो आणि सांगत होतो, "आधी खड्डा. मग बसायचं. मग झाकायचं. चल, पुन्हा एकदा."

मांजर म्हणजे ओंजळीत मावेल एवढं राखाडी पिल्लू होतं. ते माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी उकिडव्या बसलेल्या सारिकाकडे बघत होतं. सारिका सात वर्षांची होती. तिनंच ते आदल्या दिवशी साखर कारखान्यातल्या भुश्याच्या ढिगामागून फ्रॉकमध्ये घालून माझ्याकडे आणलं होतं.

"अहो," मागून माझ्या बायकोचा, लीलाचा आवाज आला. "हे काय चाललंय?"

"सराव."

"कसला?"

"जागा शिकवतोय तिला."

"तिची जागा न्हाणीघरापाशी आहे. घमेल्यात बॉयलरची राख भरून ठेवलीय मी. शिकवायचंच तर तिथं शिकवा."

"राखेनं हात काळे होतात. इथं स्वच्छ वाळूत कृती दाखवतो, मग तिथं नेतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे."

लीलानं थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ मांजराकडे पाहिलं. "मांजराला ते उपजत येतं," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये पडला नाहीत तर."

"आईपासून लवकर तुटलंय ते. शिक्षण अर्धवट राहिलं असणार."

"बरं," असं म्हणून ती आत गेली. तिच्या 'बरं'चा अर्थ लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला वेळेवर कळत नाही.

सारिका म्हणाली, "गुरुजी, मी धरतो की पाय."

"धरते म्हणावं."

"व्हय, धरतो."

आमच्या कोल्हापूर भागात मुली 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मी ते सुधारत आलो. निवृत्त होताना मुलींनी हार घातला आणि एक म्हणाली, "गुरुजी, मी तुमाला कदी इसरनार न्हाई, मी पत्र लिवतो." त्यावरून माझ्या कामाचा अंदाज यावा.

निवृत्तीनंतर कारखान्याच्या फाट्यावर आम्ही दोन खोल्या आणि पुढं-मागं पडवी एवढं घर बांधलं. पुढच्या पडवीत दुपारी आसपासची लहान पोरं गोळा करून मी त्यांना अक्षरं शिकवत असे. फी नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती. माझं साधन म्हणजे धूळपाटी. सागाची उथळ पेटी आणि तिच्यात चाळलेली बारीक वाळू. पोरानं बोटानं अक्षर काढायचं, हातानं पुसायचं, परत काढायचं. आणि माझी पद्धत म्हणजे गिरवणं. आधी मी अक्षर काढणार, मग पोराचं बोट धरून त्यावरून फिरवणार, मग ते पोर एकटं फिरवणार. या पद्धतीवर माझी इतकी श्रद्धा होती की घरात सगळ्या वस्तूंना मी सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दार. खिडकी. माठ. लीला म्हणायची, "माझ्या कपाळावर 'काकू' तेवढं लिहायचं राहिलंय."

सारिका या पद्धतीतली माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी होती आणि तिला काहीही येत नव्हतं. समोर अक्षर असलं की तिचं बोट त्यावरून असं फिरायचं, की रांगोळी घालणाऱ्या बाईनं हात जोडावेत. अक्षर पुसून "आता तुझ्या मनानं काढ" म्हटलं, की बोट हवेत थांबायचं. मग मी काय करायचो? पुन्हा अक्षर काढून द्यायचो. "नीट गिरव." ज्या औषधानं गुण येत नाही, त्याचाच डोस वाढवायचा, असे काही वैद्य असतात. मी त्यांतला.

अलीकडे तिनं दांड्या मारायला सुरुवात केली होती. म्हणून ती मांजर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आई घरात घेत न्हाई, हितं ठिवा," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मांजर इथं तर पोरगी इथं, असा माझा हिशोब होता.

मग मांजरासाठी घर तयार करायला घेतलं. साबणाचा रिकामा खोका आणला, त्याला कमानीसारखं दार कापलं, आत लीलाचं जुनं लुगडं चौघडी करून घातलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनीचे घर'. खोका उन्हाच्या तिरिपेत येईल असा ठेवला. रेडिओची वायर खिळ्याला गुंडाळली. फटी बोळ्यांनी बुजवल्या. वाटीभर गाईचं दूध कोमट करून ठेवलं. वाटीवरही चिठ्ठी लावणार होतो, पण लीला बघत होती.

मनी खोक्यात गेली, वास घेतला, बाहेर आली आणि धान्य पाखडायच्या सुपात जाऊन झोपली. तीन वेळा उचलून मी तिला तिच्या घरात ठेवलं. चौथ्या वेळी लीलानं लुगडं खोक्यातून काढून सुपात घातलं आणि सूप चुलीजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. दूध मात्र मनी सगळं प्यायली. त्या दुधानं तिचं पोट बिघडलं आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

त्या संध्याकाळी सारिकाचा बाप आला. तानाजी खराडे, कारखान्यात फिटर. हंगाम जोरात होता, कपड्यांना मळीचा वास. तो पायरीवरच बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"गुरुजी, एक इचारायचं हुतं. खरं सांगा."

"विचार की."

"पोरीला काय येतंय का?"

मी म्हटलं, "गिरवते उत्तम."

"ते न्हाई. लिवाय येतंय का? आपल्या आपल्याला?"

मी आत मनीकडे पाहिलं. ती सुपात होती, काही मदत करण्यासारखी नव्हती.

"आमची आक्का हाय आजऱ्याला," तो म्हणाला. "तिला बाळ झालंय. शेतावर जायचं तर बाळाजवळ कोन न्हाई. म्हनती, सारिकाला दे धाडून. शाळंत बी न्हाई येत म्हनत्यात, बाई म्हनली दुसरीतच ठिवायला लागंल. मग म्हटलं उगं हितं बसवून तरी काय करायचं? आक्काकडं खाऊन-पिऊन ऱ्हाईल."

"तिथं शाळा?"

"तिथं बाळ."

सारिका आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. फ्रॉकचं टोक बोटांत धरून ती खाली बघत होती.

"आक्का रविवारी बाजाराला येतीया," तानाजी म्हणाला. "जाताना घिऊन जाईल. पर तुमी म्हनत असाल की हिला येतंय, तर ठिवतो. माझं काय वैर न्हाई पोरीशी."

इथं शहाण्या माणसानं वेळ मागून घेतली असती. मी म्हटलं, "रविवारी सकाळी ये. तुझं नाव लिहून दाखवील ती."

तो गेल्यावर लीला म्हणाली, "येतं का तिला?"

"येईल."

"कशानं?"

"सरावानं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत दोन विद्यार्थिनींचा सराव सुरू झाला. सारिका 'तानाजी' गिरवत होती, मनी खड्डा गिरवत होती. दोघींची बोटं मी आळीपाळीनं धरत होतो. त्यातली एक पहिल्याच दिवशी शिकली.

दुपारी पोरं जमली. मी म्हटलं, "आज कोण पहिलं?" एक मुलगा पुढं सरकला, त्यानं वाळूत बोट घातलं, बाहेर काढलं, बोटाकडे पाहिलं आणि वास घेतला.

त्यानंतर पडवीत जे झालं त्याला वर्ग म्हणता येणार नाही.

मनीला मी शिकवलं होतं की वाळूत खड्डा करायचा, बसायचं आणि झाकायचं. तिनं ते केलं होतं. अगदी तंतोतंत केलं होतं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायची तिला गरजच वाटली नव्हती, कारण ज्ञात तिला पसंत होतं. मी वाळू बदलली. संध्याकाळी पुन्हा तेच. पाटीवर फळी झाकली. तिनं फळीखालून वाट काढली. उचलून राखेच्या घमेल्यात बसवली, तर पाय झटकत, मी काहीतरी घाणेरडं सुचवल्यासारखं तोंड करून बाहेर आली.

लीलानं दूध बंद करून पातळ पेज सुरू केली, त्यानं पोट थांबलं. पण सवय थांबली नाही.

पोरांच्या आया आल्या. "गुरुजी, आमची पोरं त्यात बोटं घालत्यात, तीच तोंडात घालत्यात." बरोबर होतं त्यांचं. त्या गेल्यावर लीला म्हणाली, "रविवारी मांजर कारखान्याच्या गोदामाच्या वॉचमनकडे देऊ. त्याच्याकडे उंदीर झालेत."

"एवढंसं पिल्लू उंदीर काय मारणार?"

"मग पाटी बंद करा. एकतर मांजर, नाहीतर पाटी. दोन्ही एका घरात नांदायची नाहीत. तुम्हीच शिकवलंत तिला."

"रविवारी," सारिका कोपऱ्यातून म्हणाली, "मी बी जानार, मनी बी जानार."



शनिवारी मी जुनी पाटी धुऊन, नवी वाळू भरून मागच्या पडवीत उन्हाला ठेवली आणि परीक्षेसाठी माळ्यावरची दुसरी पाटी काढली. सारिकाला पुढं बसवलं. 'तानाजी'. गिरवलं. पुसलं. "आता मनानं." बोट हवेत. पुन्हा काढून दिलं. गिरवलं. पुसलं. बोट हवेत.

"काय अडतं ग?" मी विचारलं. मला वाटतं, हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

ती म्हणाली, "माझ्या बाला त्याचं नाव म्हाईत हाय की. मग लिवायचं कशाला?"

"तुला येतं हे त्याला कळावं म्हणून."

यावर तिनं विचार केला. तिला ते पटलं नसावं, कारण तिनं विषय बदलला. "गुरुजी, मनीला सांगितलं तर ऐकंल का?"

"मी सांगून पाहिलं. तूही सांगितलंस."

"तोंडानं सांगितलं. कारखान्यात बोर्ड लावल्यात. हितं थुंकू नका. ऊस वढू नका. तसलं लिवून लावायचं."

"तुला वाचता येतात का ते बोर्ड?"

"वाचता न्हाई येत. पर काय लिवलंय ठावं हाय."

"मांजराला वाचता येत नाही, बाळ."

"मग शिकवा की तिला," ती सहज म्हणाली.

मी हसलो आणि पुन्हा 'ता' काढून दिला. चांगला विद्यार्थी हाताशी आला, की त्याला परत गिरवायला बसवायचं, हे माझं व्रत मी अखेरपर्यंत पाळलं.

रविवारी सकाळी तानाजी आला. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता, परीक्षा जणू त्याचीच. बहीण बाजारात थांबली होती. सारिकाच्या कपड्यांची पिशवी त्याच्या हातात होती. ती त्यानं पायरीवर ठेवली, पण पट्टा सोडला नाही.

पुढच्या पडवीत पाटी मांडली होती. वाळू मी इतकी सपाट केली होती की तिला हात लावायला कुणालाही भीती वाटावी. सारिका मागच्या दारानं आली होती आणि बराच वेळ मागंच होती. हाक मारल्यावर आली, फ्रॉकला हात पुसत बसली.

"लिही बाळ. बाबांचं नाव."

तिचं बोट वर आलं. हवेत थांबलं.

मग मी जे केलं ते माझ्या वर्गात एखाद्या पोरानं केलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं. मी तानाजीच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि हवेत बोटानं 'ता' काढला. चांगला मोठा काढला. सारिकानं माझ्याकडे पाहिलं. तानाजीनंही मागं वळून पाहिलं. मी तेच बोट कानात घातलं.

बोट काही खाली आलं नाही.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," तानाजी शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुमी लई केलं. चल ग. आत्ती वाट बगती."

"मनीला बघून येतो," सारिका म्हणाली आणि मागं पळाली.

मी पायरीवर उभा होतो. तेवढ्यात लीला बाहेर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, ते मागचं पुसा आधी. पाहुण्यांच्या देखत शोभतं का?"

"मागचं काय?"

"पाटीवर लिहून ठेवलंत ते. जन्मभर शुद्धलेखन शिकवलंत आणि असलं लिहिता?"

"मी काहीच लिहिलेलं नाही."

"मग 'हागू नगं' कुणी लिहिलं? मांजरानं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्या वयाला न शोभेल अशा वेगानं मी मागं धावलो.

मागच्या पडवीत उन्हात जुनी पाटी होती. तिच्यावर अक्षरं होती. ओळ उतरती होती, रेघा तुटक होत्या. शेवटी एक बाण होता, तो राखेच्या घमेल्याकडे वळला होता. 'मने हित हागु नग. तुज तकड हाय.' अनुस्वार कुठंच नव्हते. मी काढून दिलेलं त्यात एकही वाक्य नव्हतं. मी असलं वाक्य जन्मात कुणाला काढून दिलं नसतं.

"तानाजी," मी ओरडलो, "इकडे ये. लवकर ये."

तो आला, पण आधी मनी आली. पडवीच्या कट्ट्यावरून उतरली, पाटीपाशी थांबली, अक्षरांचा वास घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेतला, अगदी वाचल्यासारखा. मग ती पाटीत चढली आणि सगळं उकरून, नेमकी त्या ओळीवर बसली. मी, लीला आणि सारिका बघत उभे होतो. मांजर बसलेलं असताना त्याला उठवायचा धीर मला झाला नाही. तिनं आटोपलं, व्यवस्थित झाकलं आणि निघून गेली. तानाजी पिशवी घेऊन पोचला तेव्हा पाटीत वाळूचा एक सुबक उंचवटा होता.

"काय वं?" तो म्हणाला.

"इथं लिहिलं होतं," मी म्हणालो. "तिनं. स्वतःच्या मनानं. एक अख्खं वाक्य. बाणासकट."

तानाजीनं पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कानात बोट घालणाऱ्या गुरुजींवर किती विश्वास ठेवायचा, याचा तो विचार करत असावा. "असंल," तो म्हणाला. "चल सारे."

पण सारिका आमच्याकडे बघतच नव्हती. ती कंबरेवर हात ठेवून मनीकडे बघत होती. मनी कट्ट्याच्या कडेला बसून पंजा चाटत होती.

"काय ग ए," सारिका तिला म्हणाली. "डोळं फुटलं काय तुजं? एवडं लिवलंय तर?"

आणि ती खाली बसली. कोपऱ्यातल्या खुरप्यानं तिनं घाण बाजूला काढून टाकली, तळव्यानं वाळू सारखी केली आणि बोट टेकवलं. ते हवेत थांबलं नाही. ती लिहीत होती आणि लिहिताना मांजराला शिव्या देत होती. "म... ने... हितं... किती डाव सांगायचं तुला... हा... गू..."

माझा हात आपोआप पुढं गेला. 'गु' ऱ्हस्व झाला होता, आणि 'हागू' हा शब्द मला काही बरा वाटत नव्हता. लीलानं माझं मनगट धरलं. बांगड्यांचाही आवाज होऊ न देता.

तानाजीनं पिशवी खाली ठेवली. तो वाकला, मग गुडघ्यावर बसला. ओठ हलवत, एकेक अक्षर पुरतं चावून तो वाचत गेला. त्याला वाचायला वेळ लागला, तिला लिहायला लागला त्याहून जास्त. बाणापाशी पोचल्यावर त्यानं मान वळवून घमेल्याकडे पाहिलं.

"हे कुनाचं बगून लिवलंस?" त्यानं विचारलं.

"कुनाचं न्हाई. तिला कळंना झालंय म्हनून."

"तिला वाचाय येतंय व्हय?"

"अजून न्हाई. यील."

तानाजीनं बाणावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या नावापरास हे अवगड हाय की, गुरुजी."

मी मान हलवली. लीलानं तेवढ्यात पाटी उचलली आणि न्हाणीघरापाशी घमेल्याच्या जागी नेऊन ठेवली. "ही आता तिचीच," ती मला म्हणाली. "तुम्ही पुढची वापरा, नि पडवीच्या दाराला जाळी मारून घ्या. वॉचमनला मी निरोप देते, मांजर नाही म्हणून."

तानाजी उठला. गुडघ्याची वाळू झटकत तो रस्त्याकडे, बाजाराच्या दिशेनं बघू लागला. "आक्का तितं थांबलीया," तो म्हणाला, आम्हाला की स्वतःला ते कळलं नाही. "पोरगी न्यायची म्हनून आलीया ती. तिला आता काय सांगू?"

"थांबा बा," सारिका म्हणाली, "मी लिवून देतो."

'देते' म्हणावं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी आत गेलो, वहीचं पान फाडलं आणि पेन्सिलीसकट तिच्या हातात दिलं. ती उंबऱ्यावर बसली, पान मांडीवर घेतलं. काय लिहायचं, ते तिनं मला विचारलं नाही.